खुर्चीचा चार्ज

या माणसाची गोष्ट मी निम्म्या भिलाईला सांगितली आहे, पण अर्धीच. लग्नाच्या पंगतीत, सकाळच्या फिरण्याच्या कंपूत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत. लोक जिथे पोट धरून हसतात तिथे मी थांबतो आणि गुडघेदुखीचा विषय काढतो. आमच्या वयात गुडघ्यांचा विषय निघाला की मागचं कोणी विचारत नाही. जो तो आपले गुडघे घेऊन पुढे सरसावतो. उरलेली अर्धी गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. वर्षानुवर्षं टाळली. आता लिहून टाकतो.

नाव लिहीत नाही. प्लांटमध्ये आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, तेच इथे म्हणतो.

भाऊ मूळ भंडाऱ्याकडचे. धानाची बांधी भावाच्या स्वाधीन करून पोलादाच्या कारखान्यात आले आणि रोलिंग मिलच्या क्रेनवर चढले. छताखाली रुळांवर चालणारी अवाढव्य क्रेन. लोखंडी शिडीने तिच्या केबिनमध्ये जायचं आणि शिफ्टभर वर बसून खालच्यांच्या इशाऱ्यांवर गरम माल उचलायचा, ठेवायचा. एका शिफ्टला भाऊ, त्यांच्यानंतर मी. तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला प्लांटमध्ये रिलीव्हर म्हणतात. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा नियम. तो सगळेच पाळत, म्हणजे साहेब पाहत असला की पाळत. भाऊ साहेब नसतानाही पाळत, आणि तिथूनच त्यांच्या विक्षिप्तपणाला सुरुवात होते.

चार्ज देण्याची त्यांची रीत ठरलेली. मी धापा टाकत केबिनमध्ये शिरलो की ते उभे राहणार, सीटवरून फडकं फिरवणार आणि सांगणार, "मेन हुक ठीक. ब्रेक उशिरा लागते. पूर्वेच्या टोकाले झटका देते, तिथं हळू जाजो. बस." मी बसलो की मगच शिडीला हात. मी कधी गमतीने उभाच राहिलो, तर तेही उभे. घाई नाही, चिडचिड नाही. बैल गोठ्यात जाईपर्यंत शेतकरी उभा राहतो तसे.

मी उशिरा येण्यात प्रसिद्ध होतो. एकदा तर बाराचा शो पाहायला सुपेल्याच्या बाजूच्या टॉकीजमध्ये जाऊन बसलो. दोनला माझी शिफ्ट. पिच्चर लांबला, माझी हिंमत आखूड पडली, आणि शेवट सोडून सायकल हाणत मिलमध्ये पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. भाऊ वर क्रेनमध्ये, पहाटेपासून, उपाशी.

"पिच्चर कसा होता?" त्यांनी विचारलं. माझ्या शर्टाच्या खिशातून तिकिटाचा तुकडा डोकावत होता.

"बकवास, भाऊ."

"पुरा पाह्यला?"

"नाई. शेवटाच्या आधी उठून आलो."

"वाईट केलं. आता ना पिच्चर पाह्यला, ना ड्यूटी केली. पुरा पाहून येऊ नाई का? मी इथंच होतो." मग फडकं फिरवलं. "मेन हुक ठीक. बस."

साहेबाला त्यांनी सांगितलं होतं की माझं पोट बिघडलंय आणि मी संडासात आहे. पुढे कित्येक महिने तो साहेब मला पाहिलं की इसबगोलाचे फायदे सांगायचा.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघांनी नेहरू नगरात घरं बांधली, एका गल्लीच्या अंतरावर. तोवर जुन्या टॉकीजा बंद पडल्या होत्या. कुठे लग्नाचा हॉल झाला होता, कुठे टाइल्सचं दुकान. हायवेलगत मॉल उभा राहिला आणि त्याच्या वरच्या मजल्यावर गारेगार पडदे आले. भाऊंचा शुक्रवार तिथे सुरू झाला. दर शुक्रवारी पहिला शो, तीच खुर्ची, जो लागला असेल तो पिच्चर.

आमच्या कंपूत यावर रोज भांडण. बागेत चार फेऱ्या मारायच्या आणि बाकी वेळ बाकावर बसून देशाचा खर्च कमी करायचा, असा कंपूचा दिनक्रम. टॉकीजला जाणं परवडतं का, हा प्रश्न आमच्याकडे महागाई आणि सुना यांच्या बरोबरीचा होता. मी अर्थातच 'परवडत नाही' पक्षाचा पुढारी. घरी टीव्ही आहे, मुलाने कसली कसली ॲपं भरून ठेवली आहेत, पंधरा दिवस थांबलं की तोच पिच्चर पलंगावर लोळून दिसतो. वर तिथे मक्याच्या लाह्यांना एवढे पैसे घेतात, की तेवढ्यात मक्याचं वावर ठेक्याने मिळेल.

भाऊ शांतपणे ऐकत. मग म्हणत, "घरी पाहनं म्हंजे पंगतीचं जेवन डब्ब्यात घरी आनून खानं. पोट भरते, पन वाढाले कोनी येत नाई."

एकदा मी चिडून म्हणालो, "भाऊ, मागच्या शुक्रवारचा पिच्चर तं एकदम फालतू होता. सारे शिव्या देऊन राह्यले. पैसे गेले ना पान्यात?"

"चांगला पिच्चर कोनीबी पाहून घेते," भाऊ म्हणाले. "फालतू पिच्चर पुरा पाहून उठनं, त्याले माणूस लागते."

त्यांच्या बायकोचं मत आमच्याच बाजूचं होतं. ती म्हणायची, "अंधारात बसाले पैसे कावून द्याचे? मी घरचे लाईट बंद करून देतो." ती गेली, आणि तेरवीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी भाऊ टॉकीजला गेले. गल्लीने नावं ठेवली. मी जरा जास्तच ठेवली. मग त्यांनीच मला सांगितलं, "घरी लोक भेटाले येते, रडते, मंग मलेच त्यायले चूप कराव लागते. तिथं अंधारात मी मोकळा रडलो. पिच्चर विनोदी होता. बाजूच्याच्याबी डोयात हसून हसून पानी. त्यानं मले रुमाल देल्ला."

 मी लगेच लाह्यांच्या किमतीवर घसरलो.

लाह्यांपुरतं मात्र भाऊंचं आणि माझं एकमत होतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हा नियम त्यांना मान्य नव्हता. तेवढा एकच. ते घरून सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळून न्यायचे आणि त्या लपवायचे माकडटोपीत, टोपी डोक्यावर. थंडीत ठीक होतं, पण भाऊंना ऋतू बदलल्याचं भान नव्हतं. मे महिन्यात, भिलाईच्या मे महिन्यात, डोक्यावर माकडटोपी आणि कपाळावरून तेलाचा ओघळ. दारावरच्या गार्डने टोपी चाचपली.

"अंकल, ये क्या है?"

"दवाई."

"इतनी दवाई?"

"बीमारी भी इतनीच है."

गार्डने वास घेतला आणि एक औषध स्वतःसाठी काढून घेतलं. तेव्हापासून भाऊंची टोपी कोणी तपासली नाही.

आता त्यांच्या खऱ्या प्रसिद्धीची गोष्ट. पिच्चर संपला, दिवे लागले, लोक उठून गेले, तरी भाऊ बसून राहायचे. पुढच्या शोची माणसं आत यायची. त्यांच्या खुर्चीचा नंबर हातात धरून कोणी रांगेत शिरलं की भाऊ उभे राहत, खुर्चीवरून रुमाल फिरवत आणि म्हणत, "कुर्सी ठीक है. बायाँ हत्था थोड़ा ढीला है. ए.सी. सीधा गले पे आता है, मफलर रखो. बैठो." समोरचा बसला की मगच निघत. कॉलेजच्या पोरी त्यांच्याबरोबर फोटो काढायच्या. एका सरदारजींनी तर सॅल्यूट ठोकून चार्ज घेतला होता म्हणे.

आणि एखाद्या वेळी पुढच्या शोला ती खुर्ची रिकामीच असली, तर? त्याची सोय तिथे झाडू मारणाऱ्या बाईने करून ठेवली होती. ती हातातला झाडू भिंतीला टेकवायची, येऊन धपकन त्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "ले बबा, मैं बइठ गेंव. अब तैं जा." भाऊ जात. ती उठे आणि झाडायला लागे.

लोक हसतात ते इथे. आणि मी थांबतो तेही इथेच.

भाऊंचा मुलगा हैदराबादला. चांगला मुलगा, मी त्याला वाईट ठरवणार नाही, तशी पळवाट मला नको. आई गेल्यापासून तो बापाच्या मागे लागला होता की चला माझ्याकडे. एका दिवाळीला भाऊंच्या ओसरीत हाच वाद चालला होता आणि मी फराळाच्या ताटाला चिकटून बसलो होतो.

"माहं डोकं ठिकानावर हाये तोपर्यंत मी इथंच," भाऊ म्हणाले.

"पापा, ज्याचं डोकं जातं त्याला स्वतःला थोडंच कळतं?" मुलगा म्हणाला. "अकेले रहते हो. कुछ हो गया तो?"

भाऊ खरोखर विचारात पडले. त्यांना मुद्दा पटला की ते तो नाकारत नसत. संसारात हा दुर्गुणच म्हणायचा. "बरोबर हाये," ते म्हणाले. "मले नाई समजनार. तू दूर, तुलेबी नाई समजनार." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याले विचारजो. ह्यानं जिंदगीभर माहा चार्ज घेतला. ह्यानं म्हटलं का म्हाताऱ्याचं सटकलं, त्याच दिवशी मी थैली भरतो. तोपर्यंत फोनवर माह्या डोक्याचं नाव काढाचं नाई. मंजूर?"

मुलगा हसला, म्हणाला मंजूर. माझ्या तोंडात चकली होती. मीही मान डोलावली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातला एक शुक्रवार. माझ्या नातीला पाहायला रायपूरची मंडळी आली होती. चार पिढ्यांपासून तिथे मुरलेलं मराठी घर. नवऱ्या मुलाचे वडील, म्हणजे आमचे रायपूरकर, इतकं शुद्ध बोलत, की आमच्या घरात सगळे गप्प झाले होते. 'आपण मूळचे कुठले?' हे त्यांनी दोन वेगवेगळ्या प्रकारे विचारून झालं होतं, आणि मी क्रेन चालवायचो हे मी 'मटेरियल हँडलिंग विभागात होतो' असं सांगून झालं होतं. एवढ्यात फोन वाजला. भाऊंचा नंबर, पण आवाज दुसराच.

"अंकल, मैं मल्टीप्लेक्स से मैनेजर बोल रहा हूँ. ये बुज़ुर्ग उठ ही नहीं रहे. आख़िरी नंबर आपका था."

मी निघालो, तर रायपूरकर म्हणाले, "चला, माझी गाडी आहे. सोडतो." नको म्हणता येईना. सोडतो म्हणाले आणि वरपर्यंत सोबत आले.

झालं असं होतं, की पुढच्या शोचं एकही तिकीट खपलं नव्हतं, म्हणून शोच रद्द केला होता. झाडूवाली बाई सुटीवर. मॅनेजर नवा. आत सगळे दिवे लागलेले, पडदा पांढरा, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटे भाऊ आपल्या खुर्चीत, मांडीवर माकडटोपी.

"पूछो तो बोलते हैं, रिलीवर आएगा," मॅनेजर म्हणाला. "कौन आएगा? बोलते हैं, जो भी आए."

भाऊंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "आला का गा? बरं झालं. कोनीच नाई येऊन राह्यलं. बस." आणि ते खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठायला लागले.

मला फक्त बसायचं होतं. रांगेत शिरायचं, टेकायचं, 'हो भाऊ, घेतला चार्ज' म्हणायचं आणि दोघांनी मिळून सांबारवड्या खात घरी यायचं. भिलाईत हे समजणारा माझ्याइतका दुसरा कोणी नव्हता. त्या माणसाने माझ्यासाठी उपाशीपोटी क्रेन धरून ठेवली होती. मॅनेजरला दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर तोही हसला असता.

पण मागून शुद्ध मराठीत प्रश्न आला, "ही काय भानगड आहे? आपल्या परिचयाचे आहेत का हे?"

मी मॅनेजरकडे वळलो आणि म्हणालो, "उमर हो गई है ना. दिमाग़ थोड़ा... आप बुरा मत मानिए."

भाऊ अर्धे उठले होते. तसेच अर्धे वाकलेले ते क्षणभर राहिले. मग सरळ झाले, टोपी उचलली आणि रांगेतून बाहेर आले. खुर्ची मोकळी सोडून, कोणाला काही न सांगता. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायऱ्या पाहून पाहून उतरले. खाली रायपूरकरांनी गाडीचं दार उघडलं, तर म्हणाले, "नको, मी ऑटोनं जातो."

मॅनेजरने घरच्या कोणाचा नंबर मागितला. मी भाऊंच्या मुलाचा दिला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मंडळी बाहेरच्या खोलीत होती, बशांचा आवाज येत होता. "काका, मला त्या मॅनेजरने काय काय सांगितलं. पण मी त्याचं नाही ऐकणार. पापांनी तुमच्यावर सोडलंय. तुम्ही सांगा, ते ठीक आहेत ना?"

'ठीक आहेत' हेच त्याला ऐकायचं होतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळत होतं. पण ठीक आहेत म्हटलं, तर मघाशी मी रायपूरकरांसमोर काय म्हणालो ते मागे घ्यावं लागलं असतं, आणि तेच गृहस्थ दारातून मान काढून मला विचारत होते, "काय म्हणतात त्यांच्या घरचे?"

"आता जरा कमीजास्त होऊन राह्यलं," मी फोनमध्ये म्हणालो. "एकटं ठेवण्यासारखं नाई."

ते स्थळ पुढे जमलं नाही. त्यांना पत्रिकेत काहीतरी सापडलं.

भाऊंनी शब्द पाळला. मुलगा आला, त्यांनी थैली भरली, दोन दिवसांत घराला कुलूप. निघायच्या सकाळी ते माझ्याकडे निरोप घ्यायला आले, तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. खरोखर होतो, पण फाटकाचा आवाज ऐकून गेलो होतो. नळ सोडून बादलीवर बसून राहिलो. बाहेर आलो तर बायको म्हणाली, "भाऊ येऊन गेले. खूब वेळ उभे होते. म्हने, पोट बिघडलं असंल, राहू द्या, त्याले घाई नका करू."

पुढच्या हिवाळ्यात मी हैदराबादला गेलो. सांगायला एका साखरपुड्याचं निमित्त होतं. दुर्गहून गाडीत बसल्यापासून मी एक वाक्य पाठ करत होतो. समोरच्या बर्थवरची बाई मला जप करणारा समजून पाय आवरून बसली.

मुलाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. हॉलमध्ये भिंतभर टीव्ही, खास पापांसाठी घेतलेला. खालच्या चौकातच मॉल होता, पण एकट्याला कसं सोडायचं, म्हणून भाऊ घरीच पाहत. भाऊ काही गबाळे दिसत नव्हते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. मला पाहून ते उठले आणि म्हणाले, "या. कधी आले तुमी?"

उभ्या आयुष्यात त्यांनी मला 'तू'शिवाय हाक मारली नव्हती.

आम्ही बसलो. सून चहा देऊन गेली. मुलगा माझ्याशेजारी बसला आणि मनापासून म्हणाला, "काका, तुमचे उपकार आहेत. तुम्ही वेळेवर सांगितलं, म्हणून बरं झालं. आम्हाला इथून काय कळणार होतं?"

टीव्हीवर कोणीतरी नाचत होतं. भाऊंनी आवाज बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसते पाहत राहिले. मुलगा शेजारी, बाप समोर, खोलीत दुसरा आवाज नाही. बोलायला याहून चांगली जागा मला कोणी बांधून दिली नसती.

मी म्हणालो, "हैदराबादची हवा चांगली हाये."

"हो," भाऊ म्हणाले. "हवा चांगली हाये."

लिफ्टपर्यंत ते एकटेच सोडायला आले, आणि लिफ्टमध्येही आले. अकरा मजले आम्ही दोघंच. सातव्यावर की सहाव्यावर ते भिंतीकडे पाहत हळूच म्हणाले, "बोल ना गा." तेव्हा 'तू' होतं. मी खाकरलो. दार उघडलं, बाहेर एक बाई कुत्रं घेऊन उभी होती. तिला वाट द्यायला आम्ही दोघं दोन बाजूंना झालो. मग ते हात हलवून त्याच लिफ्टने वर गेले.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, या उन्हाळ्यात, भाऊ गेल्याचा मुलाचा निरोप आला. कंपूत टॉकीज परवडते की नाही हा वाद अजून रोज होतो. मी त्यात पडत नाही.

गाडीत दुर्गपासून पाठ केलेलं वाक्य एवढंच होतं: "भाऊ, तुमचं डोकं ठिकानावर होतं, मले माहीत होतं, मी लाजेपायी खोटं बोललो, आता तुमच्या पोरासमोर सांगतो, तुमाले घरी घेऊन जाऊ द्या."